कॉर्नरची जागा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय गुरुजन आणि १९९५च्या दहावीच्या बॅचमधल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला ‘आयटीतली वाटचाल’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. पण मी एका रग्बी खेळाडूबद्दल बोलणार आहे, आणि शेवटी एक माफी मागणार आहे.

न्यूझीलंडचा रिची मकॉ. जागा फ्लँकरची, पाठीवर नंबर ७. रग्बीत चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडलं, की त्याला चेंडू सोडावा लागतो. तिथे आधी पोहोचून, स्वतःच्या पायांवर उभं राहून चेंडूवर हात घालायचा, हे फ्लँकरचं काम. पाडायचं, उठायचं, पुन्हा धावायचं. ८० मिनिटं हेच. चेंडू कुठे अडणार हे मकॉला आधीच कळायचं. खेळायचा नियमाच्या अगदी काठावर, त्यामुळे समोरचे संघ सारखे तक्रार करायचे. १४८ कसोटी सामन्यांत त्याचे ट्राय फक्त २७. गुण दुसऱ्यांचे, चेंडू मात्र यानं मिळवलेला.

आपल्या कबड्डीत ही जागा कॉर्नरची. टाळ्या चढाई करणारीला, घोटा धरणारीला नाहीत. सरांनी मला कॉर्नरला उभं केलं तेव्हा मी घरी जाऊन रडले. तालुक्याच्या सामन्याच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून आलेच नाही. तुम्ही बदली मुलीला घेऊन खेळलात आणि हरलात. माझं पोट दुखत नव्हतं.

२०११ साली पुण्यात माझ्या हाताखालचं एक मोठं काम ऐन रात्री कोसळलं. चूक माझी होती. मी राजीनामा लिहून ठेवला. त्याच आठवड्यात रविवारी रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आमचा ग्राहक न्यूझीलंडचा, म्हणून मी पाहायला बसले. मकॉची गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकली होती. २००७ला तो कर्णधार असताना संघ उपांत्यपूर्व फेरीत कार्डिफला फ्रान्सकडून १८-२० असा हरला. देशभर टीका झाली. त्यानं जागा सोडली नाही, कर्णधारपदही नाही. आता ऑकलंडला समोर पुन्हा फ्रान्स, आणि याच्या पायाचं हाड मोडलेलं. तरी तो शेवटपर्यंत मैदानात होता. न्यूझीलंड ८-७ जिंकलं. २०१५ला लंडनमध्ये त्यानं पुन्हा चषक उचलला. दोनदा विश्वचषक जिंकणारा तो पहिला कर्णधार.

सोमवारी मी ऑफिसात गेले, सगळ्यांसमोर चूक सांगितली आणि दुरुस्तीला बसले. तीन आठवडे लागले. राजीनामा दिला नाही.

पण त्या आधीची एक दुरुस्ती राहून गेली होती. सर, तुम्ही समोर बसला आहात. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी पाच जणी आज आल्या आहेत. त्या दिवशी मी खोटं बोलले. मला माफ करा. उद्या सकाळी मैदानात जायचं ठरलंच आहे, तर मला कॉर्नरलाच उभं करा. गुडघे साथ देतील तेवढं खेळेन.