गावाकडं राहायला जाताना जागा कशी निवडायची?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग मी होटगीतून करतेय. ज्यांना होटगी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सोलापूरच्या दक्षिणेला अगदी जवळ आमचं गाव. मुंबईकडून आलेली रेल्वे सोलापूर सोडून पुढे निघाली की होटगी जंक्शनला फाटा फुटतो. एक लाइन वाडीकडं जाते, दुसरी विजयपूर-गदगकडं. त्यामुळे इथं मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतात. म्हाताऱ्या बाईला कुणी आजी म्हणतं, कुणी अज्जी.

मागच्या महिन्यात दोन श्रोत्यांचे निरोप आले. एक ताई पुण्यात राहतात. त्यांना सासू-सासऱ्यांना घेऊन हुरड्याच्या दिवसांत आमच्या भागात दोन रात्री राहायचंय. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही. दुसरे एक काका सोलापूरचेच. मुलगा फ्रान्समध्ये नोकरीला, तो म्हणतोय की आई-बाबा या, आपण आठवडाभर खेड्यात घर घेऊन राहू. काकांचा प्रश्न असा की खेड्यातच राहायचं तर एवढं लांब कशाला, आणि आलोच तर तिथं आमचं जमायचं कसं?

दोन्ही प्रश्न मला एकच वाटले. खेड्यातली राहायची जागा फोटो बघून निवडता येत नाही, मग कशावरून निवडायची?

आधी जागांचे प्रकार

आपल्याकडे ढोबळमानानं चार प्रकार आहेत. पहिला, शेतावरचा मुक्काम, म्हणजे कृषी पर्यटन केंद्र. शेतकऱ्याच्याच जमिनीत दोन-चार खोल्या, जेवण त्यांच्या घरचं. बारामतीच्या बाजूला या कल्पनेची सुरुवात लवकर झाली, आणि 2020 साली राज्य सरकारनं कृषी पर्यटन धोरण आणलं. त्यामुळे अशा केंद्राला आता पर्यटन विभागाकडे रीतसर नोंदणी करता येते. फोनवर 'तुमची नोंदणी आहे का हो?' असं विचारायला अजिबात लाजू नका.

दुसरा प्रकार घरगुती मुक्काम. कोकणात हा चांगला रुजलाय. मालवण, वेंगुर्ला, गुहागर, दिवेआगर, कुठंही जा, घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या काढलेल्या असतात आणि काकू विचारतात, 'उद्या घावणे करू की आंबोळी?' निवास व न्याहारी योजना आहे ती अशाच घरांसाठी.

तिसरा, जुने वाडे आणि गढ्या. सासवडजवळ जाधवगड आहे. पिलाजी जाधवरावांनी 1710 साली बांधलेली गढी, आता तिथं हॉटेल आहे. सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारातही राहता येतं. अशा ठिकाणी आपण पैसे देतो ते वास्तूसाठी. पायऱ्या उंच, उंबरे उंच, खोल्या अंधाऱ्या असू शकतात. ज्यांना ते आवडतं त्यांना फार आवडतं.

चौथा, भक्तनिवास. हसू नका. आमच्या भागात अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर ही ठिकाणं म्हणजे हजारो लोकांची सुट्टी आहे. स्वच्छ खोली, स्वस्त दर, वेळेवर प्रसाद. कुणाला गावाकडची शांतता हवी असेल तर ती इथं मिळणार नाही, पण वयस्कर माणसांना लिफ्ट आणि गरम पाणी हवं असेल तर शेतावरच्या झोपडीपेक्षा हे केव्हाही बरं.

आता पुण्याच्या ताईंनी आधी हे ठरवायचं की आपल्याला या चारांतलं काय हवंय. घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवायचं. बहुतेक घरांत जागा एक माणूस मोबाईलवर निवडतो आणि बाकीचे सहा जण तिथं जाऊन तोंड पाडतात.

हंगाम पाहा

सोलापूरकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा शेतावर राहायला बोलावणाऱ्याला दुपारी काय करायचं ते विचारा. पावसाळ्यात आमची काळी माती अशी चिकटते की चप्पल मागं राहते नि पाय पुढं जातो. रस्त्यापासून शेतापर्यंतचा शेवटचा एक किलोमीटर कच्चा असेल तर लहान गाडी रुतते.

खरे दिवस म्हणजे डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. शाळू निसवलेला असतो, दाणा दुधावरून जरा पुढं गेलेला असतो. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं त्यात भाजायची आणि गरम असतानाच हातावर चोळायची. बरोबर शेंगाचटणी, गूळ, दही, बोरं, ऊस. गूळभेंडी, सुरती, कुचकुची असे हुरड्याचे खास वाण असतात, त्यांचे दाणे मऊ आणि गोड. भाकरीची मालदांडी ज्वारी वेगळी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय.

हंगामाचा आणखी एक फायदा म्हणजे आजूबाजूला बघण्यासारखं असतं. आमच्या होटगीच्या तलावावर थंडीत पाणपक्षी उतरतात. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका, पण माळरान बघण्यासारखं असतं, काळवीट दिसतात. भीमा आणि सीना जिथं मिळतात त्या हत्तरसंग कुडलला जुनं देऊळ आहे, आणि शके 940, म्हणजे इसवी सन 1018 मधला मराठी शिलालेख आहे. हे सगळं एकाच मुक्कामावरून होतं. म्हणून माझा आग्रह असा की रोज जागा बदलू नका. एका ठिकाणी किमान दोन रात्री राहा. पहिली रात्र सामान लावण्यात जाते, गाव कळायला लागतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

फोन करा, आणि हे विचारा

ऑनलाइन बुकिंग सोयीचं आहे, मान्य. पण खेड्यातल्या जागेला फोन केल्याशिवाय पैसे भरू नका. माझ्या मावशीच्या घरचे मागच्या वर्षी एका ठिकाणी गेले. फोटोत कौलारू घर, बैलगाडी, तुळशीवृंदावन. प्रत्यक्षात बैलगाडी सिमेंटच्या चौथऱ्यावर पक्की बसवलेली, शेत शेजाऱ्याचं, आणि रात्री साडेअकरापर्यंत वाढदिवसाचा डीजे. म्हाताऱ्या मावशीनं कानात कापूस घालून रात्र काढली. तेव्हापासून मी कुणालाही हे प्रश्न लिहूनच देते.

पहिला प्रश्न, 'सध्या शेतात काय उभं आहे?' खरा शेतकरी लगेच सांगतो. ज्वारी किती वर आलीय, तूर काढली का, कांदा कधी निघणार, पाऊस कसा झाला, सगळं. ज्याला मॅनेजरला विचारून सांगावं लागतं, तिथं शेत शोभेचं आहे असं समजा.

दुसरा, 'त्या दिवशी आणखी किती माणसं असतील?' हुरड्याच्या रविवारी दोनशे माणसांची पंगत असू शकते. त्यात वाईट काही नाही, मजा येते. पण शांतता हवी असेल तर सोमवार ते गुरुवार जा. आणि 'मुक्कामाची सोय आहे की फक्त दिवसाची?' हेही विचारून घ्या, कारण बऱ्याच जागा संध्याकाळी बंद होतात.

तिसरा, 'स्वयंपाक कोण करतं?' घरची बाई करत असेल तर बिनलसणाची भाजी बाजूला काढणं तिला सोपं असतं. बाहेरून डबे येत असतील तर जे येईल ते खावं लागतं.

चौथा प्रश्न संडास-बाथरूमचा. खोलीला जोडून आहे का, कमोड आहे का, मध्ये किती पायऱ्या आहेत. गुडघेदुखीच्या माणसाची सगळी सहल या एका गोष्टीवर ठरते. 'व्हॉट्सअॅपवर बाथरूमचा फोटो पाठवता का?' असं सरळ म्हणा. ज्याची जागा स्वच्छ आहे तो पाच मिनिटांत पाठवतो.

पाचवा, वीज-पाणी. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, आंघोळीचं पाणी सोलरवर की बंबावर.

आणि सहावा, हिशेब. समजा चौघं जण आहात. एक जागा माणशी 1,200 रुपये सांगते, जेवण-नाश्ता-हुरडा सगळं धरून. दिवसाचे झाले 4,800. दुसरी सांगते खोली 3,000, जेवण वेगळं. ऐकायला दुसरी स्वस्त. पण नाश्ता 100 आणि दोन जेवणं 250 प्रमाणे धरली तर माणशी 600 होतात, चौघांचे 2,400. म्हणजे 5,400, आणि जादा गादीचे पैसे वरून. कागदावर मांडल्याशिवाय हे कळत नाही.

आता फ्रान्सच्या काकांकडे

काका, तुमचा मुलगा ज्याला घर म्हणतोय त्याला तिथं 'जीत' म्हणतात. खेड्यातलं आख्खं घर, स्वयंपाकघरासकट, बहुतेक करून आठवड्यासाठी मिळतं. दुसरा प्रकार 'शाम्ब्र दोत'. म्हणजे घरमालक राहतो त्याच घरात पाहुण्यांना खोली आणि सकाळचा नाश्ता. तिथल्या नियमानं अशा घरात पाहुण्यांसाठी पाचच्या वर खोल्या आणि पंधराच्या वर माणसं ठेवता येत नाहीत, आणि गावच्या नगरपालिकेला कळवावं लागतं. हा नियम मला फार आवडतो. घर हे घरच राहतं, त्याचं हॉटेल होत नाही. काही ठिकाणी रात्री 'ताब्ल दोत' असतं. मालकाच्याच टेबलावर सगळ्यांनी बसायचं, जे केलं असेल ते जेवायचं.

तुमच्यासारख्या शाकाहारी माणसांना मी जीतच सुचवीन. स्वतःची चूल असली की प्रश्न मिटतो. ज्वारीचं पीठ, मसाला, शेंगाचटणी घेऊन जा. तूप, पेढे, खवा नेऊ नका, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. तिथल्या खेड्यात रविवारी दुकानं बहुतेक बंद असतात, म्हणून शनिवारी भाजी भरून ठेवायची. मुलाकडं गाडी हवीच, खेड्यात बस मोजक्या. आणि व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, तेव्हा बुकिंगचा कागद वेळेत मागून घ्या.

'एवढं लांब कशाला?' याचं उत्तर मुलगा तिथं आहे, हे पुरेसं आहे. पण एक गोष्ट बघून या. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सची खेडी रिकामी होत होती. तरुण शहरात, घरं ओस. तेव्हा एमिल ओबेर नावाच्या सिनेटरनं खटपट केली आणि 1951 साली आल्प्सच्या दक्षिणेकडं पहिलं जीत सुरू झालं. शहरातल्या साध्या माणसाला परवडणारी सुट्टी आणि गावातल्या घराला चार पैसे, असा सरळ विचार. 1955 मध्ये त्यांची देशभराची संघटना झाली. ते घरांना तारे देत नाहीत, कणसं देतात. एक कणीस साधं घर, पाच कणसं उत्तम. गव्हाची असली तरी कणसंच की.

हे सगळं कशासाठी सांगतेय

आमच्या भावकीत एक दगडी माळवदाचं घर आहे. दोन मुलं पुण्यात, एक हैदराबादला. घरात वहिनी आणि दादा दोघंच, आणि चार खोल्यांना कुलूप. ज्वारीला मिळणाऱ्या भावात माळवदाची डागडुजी होत नाही. एका पावसाळ्यात कोपरा खचला की वाडा पाडून पत्रा टाकतात, आमच्या गल्लीत असं दोन घरांचं झालंय. वहिनी म्हणते, 'दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या तर माळवद राहील. पण लोकांना एसी आणि स्विमिंग पूल लागतो म्हणं.'

मी तिला सांगितलं, सगळ्यांना नाही लागत. पण ते खरं आहे की नाही, हे तुम्ही ठरवणार आहात. तुम्ही फोनवर 'रेन डान्स आहे का?' असं विचारलंत तर पुढच्या वर्षी शेतात रेन डान्स येतो. 'शेतात काय उभं आहे?' विचारलंत तर शेत राहतं. म्हणून जागा निवडताना शेवटी हेही बघा की आपला पैसा कुणाच्या हातात जातोय. घरच्या माणसाच्या हातात जात असेल तर दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि तिथं गेल्यावर सकाळी सातला चहा मागताना लक्षात ठेवा, त्या बाईनं आधी गाईची धार काढलेली असते.

पुण्याच्या ताई, तुम्ही जानेवारीतला मंगळवार-बुधवार धरा, तळमजल्यावरची खोली मागा, आणि बिनलसणाचं आदल्या दिवशी परत एकदा आठवण करून द्या. काका, तुम्ही जीत घ्या आणि पीठ जास्तच न्या, शेजारचे फ्रेंच लोक भाकरी बघायला येतीलच.

तुम्ही राहिलेल्या चांगल्या जागा असतील तर गाव, महिना आणि जेवणात काय होतं एवढं कळवा. पुढच्या भागात त्यातल्या काही वाचून दाखवेन. येते मी. नमस्कार.