सलाइन निघाल्यानंतर



कॅन्सरच्या परिषदेत अध्यक्षाने नव्या औषधांचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. मी ती आज मोडतो. नवी औषधं कोणती, हे बाहेरच्या स्टॉलवर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त उत्साहाने सांगतील! मला बोलायचं आहे ते केमोची सलाइन निघते आणि पेशंट घरची वाट धरतो, तिथून पुढचं. दुष्परिणाम सांभाळणं हे उपचारावरचं वरकाम नाही, तो उपचारच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत कॅन्सरतज्ज्ञ ईथन बॅश यांनी पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांचा अभ्यास केला. एका गटाने आपला त्रास नियमित कळवायचा आणि तो वाढला की नर्सला सूचना जायची, एवढाच फरक. २०१७ साली निकाल छापून आला. त्रास कळवणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने, दुसऱ्या गटाचं २६. पाच महिने देणारं एखादं इंजेक्शन निघालं असतं, तर त्याची किंमत काय लागली असती?

आपल्या देशातही या बाबतीत उत्तम काम झालं आहे आणि त्याचा डंका मात्र फारसा वाजत नाही. उलट्यांवर ओलान्झापिन उत्तम चालतं, पण १० मिलिग्रॅमला पेशंट दुसऱ्या दिवशीही पेंगतो. ज्याला सकाळी एसटी पकडून गावी जायचं आहे, त्याच्यासाठी ही बाब किरकोळ नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२४ मध्ये दाखवून दिलं, की २.५ मिलिग्रॅमही उलट्या तितक्याच थोपवतं आणि गुंगी कमी येते. हे मूळचं मानसिक आजाराचं औषध. ते आधी समजावून सांगितलं नाही, तर शेजारचा कुणीतरी शहाणा वेष्टन वाचतो आणि गोळी कचऱ्यात जाते.

दिल्लीच्या एम्सचं काम तर याहून साधं. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, भांडी घासणं आणि शेतात चालणं अवघड होतं. तिथल्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅकचं १ टक्क्याचं जेल दिवसातून दोनदा लावायला दिलं. तेच, गुडघेदुखीचं! मध्यम ते तीव्र त्रासाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं.

आता तापाविषयी, आणि इथे मी जरा परखड बोलणार आहे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा आलेला ताप जंतुसंसर्गाचा समजायचा, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं. प्रत्यक्षात घरचे म्हणतात, ‘औषध गरम पडलंय, सब्जा द्या.’ गावातला डॉक्टर पॅरासिटामॉल देतो, ताप उतरतो, सगळे निर्धास्त होतात, आणि संसर्ग आत पसरत राहतो. दोष गावातल्या डॉक्टरवर ढकलून शहरातल्या तज्ज्ञांना मोकळं होता येणार नाही. त्याच्या हाती येणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची इंग्रजी आद्याक्षरं आणि पुढची तारीख असते. ताप आला तर काय, हे कुठे लिहिलेलं असतं? तोंड आलं, जुलाब लागले, तर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या थांबवून आधी फोन करायचा, हेही पेशंटला कोणी सांगत नाही. तो बिचारा कोर्स पूर्ण करतो.

माझी विनंती फार मोठी नाही. केमोच्या पहिल्या सायकललाच घरी नेण्यासाठी थर्मामीटर द्या आणि तो बघायला नातेवाइकाला शिकवा. कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत छापा: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर रात्र असली तरी लगेच फोन करा. खाली नंबर द्या. आणि तो नंबर रात्री दोन वाजता कुणी उचलतं का, हे एकदा स्वतः लावून बघा.