गोंडघर फाटा आणि न वाचलेले कागद

(म्हसळा येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



गोंडघर फाटा कोठे आहे, हे म्हसळेकरांना मी सांगायला नको. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला उतरलेला माल घेऊन निघालेली वाहने पोलिसांनी याच फाट्यावर अडविली. अडविली, आणि सौदा करून सोडली. रकमेपोटी चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या! पुढच्याच महिन्यात शेखाडीला आरडीएक्स उतरले आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मारली गेली. श्रीवर्धन ठाण्याच्या उपनिरीक्षकाला टाडा न्यायालयाने जन्मठेप दिली, ती २००७ साली.

शिक्षा झाली, ते योग्यच. परंतु उपनिरीक्षकापासून शिपायापर्यंतची माणसे एका रात्रीत बिघडतात काय? चोरट्या चांदीकडे काणाडोळा करण्याची सवय आधी जडते. आरडीएक्स मागाहून येते.

लॉस एंजेलिसमध्ये १९९१ साली ख्रिस्तोफर आयोगाने पोलीस दलाचीच दफ्तरे चाळली. बळाच्या गैरवापराच्या सहा वा अधिक तक्रारी असलेले ४४ जण त्यांत सापडले. कागद तेथेच होते, ते एकत्र वाचणारा कोणी नव्हता. आपल्याकडे वर्षाकाठी गोपनीय अहवाल लिहिला जातो, आणि तक्रार फार वाढली की बदली होते. (दुखणे शेजारच्या ठाण्यात पाठविण्याचा हा सरकारी उपाय!) सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तक्रार प्राधिकरणांचा आदेश दिला खरा, पण तेथील दार घटना घडून गेल्यावरच ठोठवायचे.

म्हणून माझी मागणी लहान आहे. तक्रारींची नोंदवही बदलीबरोबर त्या कर्मचाऱ्यामागोमाग जावी, आणि दर तिमाहीला अधीक्षकांनी ती स्वतः वाचून त्याला समोर बसवावे.