बसची वाट आणि कार्बनचा बाजार

कार्बनचा पैसा म्हटलं की अनेकांना घबाड सापडल्यासारखं वाटतं. बस चालवा, टन मोजा, युरोपातून चेक घ्या! हा हिशेब एकदा मांडूनच बघू. त्यासाठी बोगोता गाठायला हवं.

कोलंबियाच्या या राजधानीत डिसेंबर 2000 मध्ये, एन्रिके पेन्यालोसा महापौर असताना, ट्रान्समिलेनिओ ही बससेवा सुरू झाली. त्याआधी तिथला बसधंदा म्हणजे आपलं वडाप. चालकाची कमाई प्रवाशांच्या संख्येवर. त्यामुळे एकमेकांचे प्रवासी पळवायला बस शर्यतीने धावायच्या. नव्या व्यवस्थेत बसमालकाला पैसे मिळू लागले ते धावलेल्या किलोमीटरवर. रस्त्याच्या मधोमध राखीव मार्गिका, तिकीट स्थानकातच, फलाट बसच्या तळाशी समपातळीत. दीडशेवर माणसं घेणारी जोडबस काही सेकंदांत भरून निघते. आणखी एक अट होती: नवी बस आणायची तर जुन्या बस भंगारात काढायच्या. माझ्या मते या अटीचं मोल मार्गिकेइतकंच आहे. नाहीतर जुनी बस शेजारच्या गल्लीत धूर सोडत फिरतेच.

आता कार्बनचा बाजार. हवामानबदलावरच्या क्योटो करारानुसार श्रीमंत देशांना गरीब देशांतली धुराची घट विकत घेता येत होती. डिसेंबर 2006 मध्ये ट्रान्समिलेनिओचे पुढचे टप्पे या खरेदी-विक्रीच्या यंत्रणेत नोंदले गेले. मोजणी मोठी गमतीची. प्रवाशाला विचारायचं, ‘ही बस नसती तर कसे आला असता?’ टॅक्सीने म्हणाला तर टॅक्सीचा धूर जमेला, चालत म्हणाला तर शून्य. त्यातून या बसच्या डिझेलचा धूर वजा.

घटीचा अंदाज होता वर्षाला अडीच लाख टनांच्या घरात. टनाला 10 युरो धरले तर 25 लाख युरो. पहिल्या टप्प्याचा मार्ग बांधायला किलोमीटरमागे 50 लाख डॉलरच्या आसपास लागले होते. म्हणजे वर्षभराच्या कार्बनमधून एक किलोमीटरही पुरा होईना! त्यात प्रत्यक्ष मान्य झालेली घट अंदाजाहून कमी भरली आणि 2012 नंतर टनाचा भाव एका युरोच्याही खाली घसरला. बोगोताच्या मार्गाला मोठा आधार होता पेट्रोलवरच्या अधिभाराचा. मोटारवाल्याच्या खिशातून बसवाल्याला, असा सरळ व्यवहार.

तरीही हा बाजार मी निकामी म्हणणार नाही. आपण सांगितलेली घट परक्या तपासनिसापुढे कागदोपत्री सिद्ध करायची सक्ती त्याने आणली. आपल्या महापालिकांना ही सवय लागली तर हवीच.

योगायोग असा, की त्याच डिसेंबर 2006 मध्ये पुण्यात कात्रज–स्वारगेट बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बससेवा, सुरू झाली. पुढे मार्गिकेत दुचाक्या घुसल्या, मोटारी घुसल्या. नगर रस्त्यावरची मार्गिका तर आपण उखडूनच टाकली. तेव्हा नगरसेवक भेटले की ‘नव्या बस किती घेणार?’ एवढ्यावर थांबू नका. जुनी वाहनं किती काढणार आणि मार्गिकेत घुसणाऱ्याला कोण अडवणार, तेही विचारा.