सुपारी आणि टाळू

जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून हळूहळू मागे नेले, तर प्रथम हाडाची कठीण कमान लागते आणि तिच्यापलीकडे एक मऊ, हलता पडदा. या दोहोंना मिळून आपण टाळू म्हणतो. घास गिळताना हा पडदा वर उचलला जातो व नाकाची वाट बंद करतो; बोलताना तो नीट हलला नाही, तर उच्चार नाकात शिरतात. एरवी या अवयवाची आपल्याला आठवणही होत नाही. ज्या विकाराविषयी मी आज बोलणार आहे, त्यात मात्र ती प्रत्येक घासाला होते.

त्याचा आरंभ अगदी साधा असतो. तिखट आमटीचा घोट घेतला की तोंडात आग होते. रोगी तिखट वर्ज्य करतो आणि आता बरे वाटेल अशी स्वतःची समजूत घालतो. पुढे टाळूचा गुलाबी रंग जाऊन ती संगमरवरासारखी पांढुरकी दिसू लागते. गालाच्या आतून बोट फिरवले, तर ताणलेल्या दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. पडजीभ आखडते आणि तोंड उघडणे दिवसेंदिवस कमी होत जाते. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची तीन बोटे उभी मावतात. विकार बळावलेल्या रोग्याच्या तोंडात एक बोटही जाईनासे होते. काहींना ऐकूही कमी येते, कारण घशातून कानाकडे जाणारी नळी उघडण्याचे काम टाळूचेच स्नायू करीत असतात.

१९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील या विकाराची नोंद केली. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानी यांच्या श्लेष्मल त्वचेखालील तंतुमयता, असे त्याचे वर्णन केले. नाव लांबलचक खरे, पण नेमके आहे. नाजूक त्वचेच्या खालच्या थरात कोलॅजनचे तंतू साठत जातात आणि भाजल्याच्या व्रणाने कातडी आवळावी, तसे सारे तोंड आतून आवळले जाते. १९५६ साली मुंबईच्याच टाटा रुग्णालयातील डॉ. पेमास्टर यांनी या भूमीवर कर्करोग उगवतो, याकडे लक्ष वेधले.

हे होते कशाने? पहिला आरोप मिरचीवर आला, आणि तो स्वाभाविक होता. तिखटाने आग होते, हे रोगी स्वतःच सांगत असे. १९६० साली सिरसाट व खानोलकर यांनी, आहारात आधी फेरफार केलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतील तिखट द्रव्य लावून तेथे अशी तंतुमयता घडवून दाखविली. परंतु मेक्सिकोचे लोक मिरची काही कमी खात नाहीत, आणि त्यांच्यात हा विकार आढळत नाही. मग तंबाखू? येथे दक्षिण आफ्रिकेतील डरबनच्या भारतीय वस्तीने उत्तर दिले. तेथील पुष्कळ स्त्रिया तंबाखूवाचून नुसती सुपारीच चघळत, तरीही त्यांच्यात हा विकार होता. १९८६ साली हार्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारीतील आरेकोलीन हे द्रव्य तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चेतविते, असे प्रयोगशाळेत दाखविले. शिवाय सुपारीतील तुरट द्रव्ये तयार झालेले तंतू अधिक चिवट करतात, त्यामुळे ते शरीराला मोडून काढता येत नाहीत. सुपारीत तांब्याचा अंशही बराच असतो, आणि तोही तंतूंच्या गाठी घट्ट करण्यास हातभार लावतो.

केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रोग्यांवर सतरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. हा वृत्तान्त १९८५ साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही निश्चित कर्करोगकारक ठरविले.

जोशींच्या निबंधापासून या निर्णयापर्यंत पन्नास वर्षे गेली. शास्त्राची चाल सावध असते, हे एक कारण झाले. दुसरे आपल्या घरातले आहे, असे मला वाटते. तांदळाच्या राशीवर गणपती म्हणून जिची पूजा करावयाची, जी फुटली की लग्न ठरले, तिच्यावर संशय कोणी घ्यावा? श्रीवर्धनचा रोठा पाहुण्यापुढे ठेवणारा यजमान त्याला व्यसन लावतो आहे, असे आपल्या मनातही येत नाही. माझी निम्मी नोकरी छापील तक्ते भरून घेण्यात गेली आहे. त्यांत तंबाखूविषयी प्रश्न असला, की दिवसभर सुपारी चघळणारा गृहस्थ अगदी प्रामाणिकपणे 'नाही' असे लिहून मोकळा होतो. सुपारीसाठी निराळा रकाना असावा, असे मी सुचवीन.

पूर्वी निदान अडकित्त्याचा तरी अडसर होता. सुपारी कातरावी, पान लावावे, यात वेळ जाई. पुडीने तो अडसर काढून टाकला. शाळेच्या वाटेवरची टपरी आणि मुलाच्या खिशातली नाणी, एवढ्यावर काम भागू लागले, आणि एकेकाळी वयस्कांत दिसणारा हा विकार विशीतल्या तरुणांत दिसू लागला. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. बंदीचा हुकूम काढणे आणि ती टपरीपर्यंत पोहोचविणे यांतील अंतर माझ्या व्यवसायबंधूंना ठाऊक आहे.

रोग्याला डॉक्टर काय देऊ शकतात, तेही सांगतो. पट्ट्यांमध्ये औषधाची इंजेक्शने देतात, लाकडी पट्ट्या दातांत धरून तोंड उघडण्याचा व्यायाम करवितात, फार आवळले असेल तर शस्त्रक्रियेने पट्टे कापून तेथे दुसरीकडची त्वचा बसवितात. एकदा साठलेले तंतू पूर्णपणे विरघळविणारा उपाय नाही. आग होण्याच्या पहिल्या पायरीवरच सुपारी सुटली, तर विकार पुष्कळदा तेथेच थांबतो. शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम महिनोन्महिने चालू ठेवावा लागतो. तो सोडला किंवा सुपारी पुन्हा तोंडात गेली, की पट्टे पुन्हा धरू लागतात.