निखारे, कोकराच्या चॉप आणि मुरलेली वाइन

छाटणी झाली की द्राक्षबागेत काड्यांचे केवढे ढीग पडतात, हे नाशिककरांना मी काय सांगणार! उत्तर स्पेनमधल्या रिओहात या काड्यांना मोठा मान आहे. हिवाळी छाटणीनंतर त्यांच्या मोळ्या बांधून वाळवायच्या आणि त्यांच्या निखाऱ्यांवर दूधपित्या कोकराच्या चॉप भाजायच्या. ‘चुलेतियास अल सार्मिएन्तो’ म्हणतात ते हेच. चॉप एवढीशी असते, दोन घासांत हाड उरतं. दुहेरी जाळीत त्या दाटीवाटीने बसवतात, म्हणजे एका हिसक्यात सगळ्या उलटतात. मसाल्याच्या नावाने फक्त जाडं मीठ. काडी भसकन पेटते आणि लवकर बसते. ज्वाळा पुरत्या बसल्याशिवाय जाळी ठेवायची नाही. बाजूला ग्रान रेसेर्वाची बाटली.

लाल ग्रान रेसेर्वा म्हणजे किमान 5 वर्षं मुरवलेली वाइन, त्यातली निदान 2 वर्षं ओकच्या पिंपात. 225 लिटरचं हे पिंप तिथे रुळलं ते बोर्दोच्या वळणावर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या, तेव्हा फ्रेंच व्यापारी वाइनच्या शोधात खाली रिओहात उतरले. आरो गावात रेल्वे होतीच, मग वायनरी स्टेशनला खेटूनच उभ्या राहिल्या. 1877 ची लोपेस दे एरेदिया त्यातलीच. ती आजही आपली पिंपं स्वतः बांधते. पुढे कीड रिओहातही पोचली, पण पिंपं राहिली.

आता मुद्द्याचं. लाल वाइनबरोबर मटण, हा सल्ला सगळे देतात. वाइन कोवळी असेल तर तो शंभर टक्के खरा. कोवळ्या वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. मांसातली प्रथिनं आणि चरबी त्या तुरटपणाला दुसरं काम देतात. पण पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीत टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून मोठे झालेले असतात आणि त्यांतले काही गाळ होऊन तळाशी बसलेले असतात. चावराच गेला, तर लगाम कोणाला घालायचा? उरतो तो वास: चामडं, तंबाखू, सुकं अंजीर. फार नाजूक मामला. त्याच्यासमोर करपलेली कड, लिंबू, तिखट, यांतलं काहीही आणलंत तर वाइन मुकाट बसते. वाइन जितकी जुनी तितका विस्तव मंद आणि मसाला कमी, एवढंच माझं आजचं सांगणं.

मग भाजलेलं मांस नकोच का? हवं, आणि त्याला कारण आहे. लाकूड जळतं तेव्हा त्यातलं लिग्निन फुटून ग्वायाकोल नावाचं धुरकट वासाचं द्रव्य तयार होतं. पिंप बांधताना आतली बाजू विस्तवावर शेकतात, तिथेही हेच होतं. म्हणजे चॉपला निखाऱ्याचा जो वास आहे, त्याचा धाकटा भाऊ वाइनमध्ये आधीपासून आहे. धूर बेताचा असेल तर दोघं ओळख देतात.

दहा-बाराजणांनी मिळून अशी बाटली उघडायची तर थोडी तयारी लागते. 750 मिलीलिटरच्या बाटलीत बाराजणांना प्रत्येकी साठेक मिलीलिटर येते, तेव्हा पेला भरून मागणाऱ्याला आधीच समज द्यावी. बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा. जुनं बूच मळसूत्राने भुगा होतं; दोन पात्यांचं उचकणं बरं. ओतताना मानेखाली उजेड धरा आणि गाळाची रेघ दिसली की हात थांबवा. तासन्‌तास हवा खायला ठेवायची हौस कोवळ्या वाइनवर भागवावी, म्हाताऱ्या वाइनचा वास तेवढ्यात उडून जातो. आणि आपल्याकडे मे महिन्यात ‘खोलीच्या तापमानाला’ म्हणजे आमटीच! सोळा-अठरा अंश हवेत, तेव्हा खुशाल थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेगडीच्या शेजारी पेले मांडणं. धुरात नाक काम करत नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा, पहिला घोट मांसाविना घ्या, दुसरा चॉपनंतर, आणि मगच बोला. पहिला घोट होण्याआधीच एखादे जाणते गृहस्थ ‘वा, चामडं!’ म्हणाले, की सगळ्या टेबलाला चामडंच लागतं.

तंदुरी चॉपचं काय, हा प्रश्न येणारच. दही, आलं-लसूण, लाल मिरची लावलेल्या चॉपपुढे जुनी बाटली उघडणं मला उधळपट्टी वाटते. मिरचीने अल्कोहोलचा जाळ वाढतो, तुरटपणाही टोचतो. तिथे नाशिकचीच ताजी, फळाळ, जरा गार केलेली लाल वाइन घ्या. पण क्रम पाळा: आधी मिठाच्या चॉप आणि जुनी बाटली, ती संपली की मसाला शेगडीवर. उलट केलंत तर जुन्या बाटलीचे पैसे गोदावरीत गेले म्हणून समजा.