हातगुण



विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यालगत माझा दवाखाना आहे. आमच्याकडचे पेशंट गोळीचं नाव विसरतात, पण कुठल्या डॉक्टरांचा हातगुण चांगला, हे त्यांच्या पक्कं लक्षात असतं. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले आणि थोड्याच दिवसांत तो हातच मला आवरता घ्यावा लागला.

दारात टेबल आडवं लावलं, वरून प्लास्टिकचा पडदा सोडला. धानोरीच्या एक आजी आल्या. ऑक्सिमीटर मुलानेच त्यांच्या बोटाला लावला. आकडा ८४! आणि आजी मात्र नातवाचं कौतुक सांगत होत्या. हा आजार असाच फसवा. धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की. तो सुरुवातीला बाहेर पडत राहतो आणि प्राणवायू उतरत चाललाय हे माणसाला कळतच नाही. ताबडतोब ॲडमिट करा, अशी चिठ्ठी मी लिहून दिली. उठताना आजींनी पडद्याखालून मनगट पुढं केलं. "डॉक्टर, नाडी नाही बघितली?"

"मशीनने बघितली, आजी."

त्या परत आल्या नाहीत. चिठ्ठीत माझी चूक नव्हती, हे मी जाणतो. पण हातमोजे घालूनही नाडी लागते, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

१२ एप्रिलला ईस्टर होता. चर्चला कुलूप, पाळकसाहेबांनी उपासना मोबाईलवरून घेतली. त्या रात्री मी शुभवर्तमान उघडून बसलो. शताधिपतीच्या चाकराला येशूने लांबूनच, नुसत्या शब्दाने बरं केलं. मग कुष्ठरोग्याला हात का लावला? मला वाटतं, त्या माणसाला कित्येक दिवसांत कोणी शिवलंच नव्हतं, म्हणून.

आणि आपल्या सावित्रीबाई! १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळ आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात गेल्या. प्लेगनेच १० मार्चला त्यांचा अंत झाला. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. घरी म्हातारे वडील होते, पडदा लावणं भागच होतं, आणि साथीत अंतर पाळा असंच मी आजही सांगेन. पण धानोरीच्या आजींच्या त्या दिवसानंतर पडद्याखालून का होईना, मोजे चढवून प्रत्येकाची नाडी बघू लागलो.

२०२० मध्ये माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पालखीच्या दिवसांत आमचा रस्ता ओस पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. जून २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली. दवाखान्यासमोर खुर्च्या मांडल्या. एका वारकरी आजींच्या तळपायाला फोड आले होते. पाय मांडीवर घेऊन मी पट्टी बांधली, तेवढ्यात त्यांनी हात पुढं केला. "आता नाडी बी बघा, बाबा."

नाडी ठणठणीत होती. तरी मी पूर्ण मिनिटभर हात धरून बसलो.